बायपोलर सांभाळायचा क्रम: कोकणातल्या घरांसाठी

बायपोलर (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात उतरतं असा आजार) असलेल्या घरात गोळ्यांपेक्षा क्रम जास्त वेळा चुकतो. माणूस उदास झाला की डॉक्टर गाठले जातात, पण त्याआधी महिनाभर तो रात्री दोन वाजता माडीवर हिशेब मांडत बसायचा, हे कुणी सांगत नाही. गोळ्यांनी बरं वाटलं की ‘आता कशाला’ म्हणून त्या बंद होतात. मग गणपतीत किंवा शिमग्यात चार रात्री जागरण होतं आणि घर पुन्हा पहिल्या पायरीवर. या आजाराची बहुतेक कामं माणूस बरा असतानाच उरकावी लागतात. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. गोळी कुठली आणि किती, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवणार. त्यांच्यापुढे काय घेऊन बसायचं आणि घरी काय सांभाळायचं, एवढंच इथे आहे.

## टप्पा १: नाव देण्याआधी नोंद

आजाराची दोन टोकं आहेत. एका टोकाला उन्माद: झोपेची गरजच घटते, बोलणं थांबत नाही, एक बेत पुरा व्हायच्या आत दुसरा, पैसा सुटतो, कुणी अडवलं की भडका. हे किमान आठवडाभर टिकतं, किंवा त्याआधीच भरती करायची वेळ येते. त्याचंच सौम्य रूप चार दिवस किंवा जास्त टिकलं तर त्याला हायपोमेनिया म्हणतात. दुसऱ्या टोकाला किमान दोन आठवड्यांचं नैराश्य. एकदा जरी पूर्ण उन्माद येऊन गेला असेल तर टाइप १. हायपोमेनिया आणि नैराश्य एवढंच असेल तर टाइप २. सकाळी हसणारा आणि संध्याकाळी रुसणारा माणूस यात बसत नाही. इथे गणित दिवसांचं आणि आठवड्यांचं आहे.

एक फुलस्केप कागद घ्या आणि गेल्या दहा वर्षांचा आलेख काढा. वर लिहायचे चढाचे काळ, खाली उताराचे. तारखा आठवत नाहीत, पण प्रसंग आठवतात: निसर्ग वादळ (जून २०२०), तौक्ते (मे २०२१), घरातलं लग्न, बोटीसाठी काढलेलं कर्ज, कलमं खंडाने दिली तो हंगाम. प्रत्येक प्रसंगाच्या आसपास माणूस कसा होता ते लिहा.

‘खूप आनंदात होता का?’ असं घरच्यांना विचारू नका. उत्तर कायम गोलमाल येतं. असं विचारा: ‘सलग चार रात्री तीन-चार तासच झोपूनही सकाळी ताजातवाना उठायचा, असं कधी झालं?’ झोप न लागणारा माणूस दुसऱ्या दिवशी दमलेला असतो. उन्मादातला दमत नाही. निदानाला या एका फरकाचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा क्वचितच.

आता भगताबद्दल, कारण तो विषय टाळून कोकणात पुढे जाता येत नाही. ‘बाहेरचा काय आसा ता बघून घेवया’ असं कुणीतरी म्हणणारच. देवळात गाऱ्हाणं घाला, कौल लावा. त्यावरून घरात भांडण काढण्यात अर्थ नाही. दवाखान्याची तारीख मात्र आधी घ्या.

सावध: जो देवरुषी गोळ्या बंद करायला सांगेल, मारेल, उपाशी ठेवेल किंवा रात्रभर जागवेल, त्याच्याकडून लगेच उठा. रात्रभराचं जागरण उन्माद आणखी चढवतं.

## टप्पा २: पहिल्या भेटीची पिशवी

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात, ही भीती काढून टाका. सावंतवाडी-दोडामार्गाकडची बरीच माणसं गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात जातात, तेही चालेल. गाव आडबाजूला असेल आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

पिशवीत हे हवं:

1. वरचा आलेख.
2. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स. बीपीच्या, सांधेदुखीच्या, आयुर्वेदिक पुड्याही. दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी स्टेरॉइड दिलं असेल तर ते आधी सांगा. स्टेरॉइडमुळेही उन्माद होऊ शकतो.
3. थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाची तपासणी) जुने रिपोर्ट असतील तर.
4. रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास, आत्महत्या, कायमची भरती. ‘आमच्या घराण्यात नाही’ म्हणण्याआधी आत्याला विचारा. तिला सगळं माहीत असतं.
5. दारू आणि गांजा किती, याचं खरं उत्तर.
6. एकाच छपराखाली राहणारा माणूस. कालच्या गाडीने मुंबईहून आलेले काका सगळ्यात जास्त बोलतात आणि त्यांना सगळ्यात कमी ठाऊक असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: उदासी चालू असताना जायचं, फक्त उदासीच सांगायची, आणि नैराश्याची गोळी घेऊन यायचं. बायपोलरमध्ये ही गोळी एकटी दिली तर काही जण थेट उन्मादात जातात. गावातल्या डॉक्टरांनी अशी गोळी दिली असेल आणि काही दिवसांत झोप कमी होऊन बोलण्याचा वेग वाढला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी कळवा.

## टप्पा ३: गोळी हातात पडल्यावर

प्रत्येक गोळीबद्दल तीन प्रश्न विचारून उत्तरं चिठ्ठीवरच लिहून घ्या. ही कशासाठी? कुठला त्रास झाला तर फोन करायचा? कुठला त्रास आपोआप जाईल?

नेहमीच्या गोळ्यांतलं नेमकं एवढं लक्षात असू द्या. लॅमोट्रिजिनची मात्रा फार हळू वाढवतात. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले तर लगेच डॉक्टर. ती पाच-सहा दिवस चुकली असेल तर जुन्या मात्रेवर उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा तळापासून चढायचं. ओलान्झापिन आणि क्वेटियापिनने वजन आणि साखर वाढते, म्हणून कंबरेचं माप आणि उपाशीपोटीची साखर पहिल्या दिवशीच टिपून ठेवा. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देऊ नये. चिठ्ठीवर दिसलं तर प्रश्न विचारायला संकोच नको.

चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका. आणि ‘गुण नाही’ असं पाचव्या दिवशी म्हणू नका. उन्माद उतरायला आठवडे लागतात. पुढचा झटका टळतो की नाही हे कळायला तर कित्येक महिने.

चहातून किंवा आमटीतून गुपचूप गोळी देण्याचा प्रकार बऱ्याच घरांत चालतो. माझ्या मते याने फायद्यापेक्षा नुकसान मोठं होतं: एकदा कळलं की तो माणूस घरचं अन्नही संशयाने खातो, आणि किती गोळी पोटात गेली हे डॉक्टरांना कधीच कळत नाही. घेतच नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. महिन्यातून एकदा देता येणारी इंजेक्शनंही असतात.

## टप्पा ४: लिथियम आणि कोकणचा घाम

लिथियम जुनं आणि स्वस्त औषध आहे. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं सापडलेलं नाही. अडचण एवढीच की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर थोडं आहे. म्हणून त्याची रक्तातली लेव्हल मोजावी लागते, आणि नेमकी तिथेच घोळ होतो.

सुरू करण्याआधी: क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम, वजन. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी.

लेव्हल कधी: मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण आठवड्याने, मग ती स्थिर होईपर्यंत. पहिल्या वर्षी तीन महिन्यांनी, नंतर डॉक्टर म्हणतील तसं, बहुधा सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियमही दर सहा महिन्यांनी.

रक्त कसं द्यायचं: शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची. घरून गोळी घेऊन, एसटीने तालुक्याला जाऊन रक्त दिलं तर आकडा उगाच मोठा येतो आणि मात्रा विनाकारण कमी होते. लॅबवाल्याला एवढंच सांगा: लिथियमसाठी रक्त आहे, लिथियम-हेपारिनची नळी वापरू नका. त्या नळीतच लिथियम असतं.

नेहमीच्या देखभालीत आकडा साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, उन्मादाच्या काळात १.० पर्यंत. वयस्कर माणसात याहून कमी.

आता कोकणातल्या पाच सापळ्यांकडे या.

*घाम.* एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवताना किंवा जेटीवर मासळी उपसताना शर्ट पिळून निघतो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि लेव्हल चढते. पाणी प्यायला तहान लागेपर्यंत थांबू नका. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम.

*मीठ अचानक बंद करणं.* कुणीतरी बीपी मोजतं, सुकी मासळी आणि लोणचं बंद करायला सांगतं, आणि घरात अळणी सुरू होतं. लिथियम चालू असेल तर मिठाचं प्रमाण रोज सारखं हवं. कमी करायचं तर डॉक्टरांना सांगून, लेव्हल तपासत.

*कंबरदुखीची गोळी.* मेडिकलमधून सहज मिळणारी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ही सगळी लेव्हल वाढवतात. पॅरासिटामॉल चालतं, पण स्ट्रिप उलटी करून बघा: पॅरासिटामॉलच्या जोडीला एसिक्लोफेनॅक घातलेल्या गोळ्या सर्रास विकल्या जातात.

*बीपीची गोळी.* टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालॅप्रिल आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड. यांतली नवी सुरू होत असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं कळलं पाहिजे. कळवण्याचं काम तुमचं. ते एकमेकांना फोन करतील या भरवशावर राहू नका.

*उपास.* निर्जळी एकादशी नको. फराळ करून, पाणी पीत केलेला उपास वेगळा. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. गोळीची वेळ आणि लेव्हल दोन्हींची सोय लावता येते का, ते तेच सांगू शकतील.

सावध: हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, गोंधळल्यासारखं बोलणं. यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर लिथियम थांबवा आणि थेट रुग्णालयात जा. दारू प्यायल्यासारखा दिसतो म्हणून झोपवून ठेवू नका. पावसाळ्यात साध्या पोटबिघाडात किंवा तापातही हे घडू शकतं, म्हणून बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या: ‘उलट्या-जुलाब झाल्यास लिथियमचं काय करायचं.’ हा कागद औषधाच्या डब्यात ठेवा.

बोटांची बारीक थरथर, जास्त तहान, थोडं वजन, हे त्रास होतात. त्यावर उपाय असतात, मात्राही बदलता येते. गोळी एकदम सोडण्याचं कारण मात्र ते नव्हे. लिथियम झटक्यात बंद केलं की उन्माद उसळून येतो. थांबवायचंच ठरलं तर किमान चार आठवडे, शक्य असेल तर तीन महिने घेऊन उतरवतात.

## टप्पा ५: झोपेची वही

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज तीन गोष्टी लिहा: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मूड उणे तीन ते अधिक तीनमध्ये कुठे. गोळी घेतली की टिक. याहून मोठी वही कुणी चालवत नाही, मी तरी पाहिलेली नाही.

तपासा: सलग दोन रात्री नेहमीपेक्षा किमान दोन तास कमी झोप, आणि तरी सकाळी तरतरी. हे दिसलं की तिसऱ्या रात्रीची वाट न बघता फोन.

कोकणात झोपेचे शत्रू बहुतेक सणांच्या वेशात येतात. दशावतार पहाटेपर्यंत चालतो. शिमग्यात पालखी रात्री-अपरात्री फिरते. गणपतीत भजनांच्या बाऱ्या संपत नाहीत. यातून माणसाला पूर्ण तोडलं तर तो रुसतो, आणि रुसण्याचं कारणही आहे. मधला मार्ग सणाच्या दोन आठवडे आधी ठरवा: आरती आणि पहिलं भजन, मग अकराला अंथरुणावर, शक्यतो गर्दीच्या घरापासून दूर, शेजारच्या घरात. घराचा मान राखायला दुसरा भाऊ जागेल. कुणी विचारलं तर ‘रात्रीची गोळी आहे’ एवढं पुरे. मधुमेहवाल्याला कुणी याहून जास्त विचारत नाही.

चाकरमान्यांनी प्रवासही याच नजरेने ठरवावा. कोकणकन्येऐवजी दिवसाची मांडवी किंवा जनशताब्दी. सणाला येताना किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत हव्यात, कारण घाट बंद पडला तर तालुक्याच्या मेडिकलमध्ये तुमची गोळी असेलच असं नाही. साठा दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात. लिथियमचा जास्त डोस जिवावर बेततो.

रात्रपाळी आणि रात्रीची मासेमारी हा अवघड प्रश्न आहे, कारण पोटाचा आहे. मालकाशी बोलून दिवसाची बोट किंवा किनाऱ्यावरचं काम मिळतं का, बघा. नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे झापड येते. त्या काळात समुद्रावर जाऊ देऊ नका.

## टप्पा ६: बरा असताना लिहायचा करार

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग सातव्यात अडकतात.

एका शांत दुपारी, आजारी माणसाच्याच तोंडून, त्याच्याच शब्दांत तीन यादी लिहून घ्या. माझ्या चढाच्या पहिल्या खुणा: जुन्या वर्गमित्रांना फोन, पहाटे तीनला विहीर साफ करायला काढणं, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लेख. माझ्या उताराच्या खुणा: अंघोळ टाळणं, बागेत न जाणं, फोन बंद. आणि त्या दिसल्यावर कुणी काय करायचं. खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. दुसऱ्याची यादी उतरवून काही उपयोग नाही.

पैशाचं त्याच बैठकीत. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. मोठ्या रकमेचं खातं दोघांच्या सहीचं करा. चढाच्या खुणा दिसल्या की एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं ते नाव लिहा. पन्नास हजारांवरच्या व्यवहाराला दोन रात्रींची झोप मध्ये गेली पाहिजे, असा नियम बऱ्याच जणांना पाळता येतो.

जमिनीबद्दल वेगळं सांगतो. महामार्गालगत आणि किनाऱ्यालगत दलाल फिरत असतात, आणि उन्मादातला माणूस टोकन घेऊन मोकळा होतो. जुनी खरेदीखतं आणि मूळ कागद दोघांच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवा. याची दुसरी बाजूही आहे: ‘तो वेडा आहे’ म्हणून भाऊबंदांनीच हक्कसोड पत्रावर सही घेतल्याची उदाहरणं गावोगाव सापडतात. करारात हेही लिहा की आजाराच्या काळात त्याच्याकडून कसलीच सही घ्यायची नाही, घरच्यांनीही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे पुढच्या उपचाराबद्दलची इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. प्रतिनिधी कोण, हे याच दिवशी ठरवा.

## टप्पा ७: उलटल्यावर

चढ असेल तर वाद घालू नका. पुरावे देऊन उन्माद उतरत नाही. टीव्ही बंद, पाहुणे परत, दिवे मंद, एकच माणूस बोलेल. गाडीची किल्ली बाजूला. डॉक्टरांना फोन. ऐकत नसेल आणि जिवाला धोका असेल तर १०८, गरज पडल्यास पोलिसांची मदत. कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवायची भरती ठरावीक निकषांवर, प्रतिनिधीच्या अर्जाने आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर होते. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधणं बेकायदा आहे, घरातलं असो की मठातलं.

उतार असेल तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. बागेतली फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात. १४४१६ किंवा थेट रुग्णालय.

सावध: नैराश्यातून वर येतानाचे पहिले आठवडे, आणि उदासी व अस्वस्थ धावपळ एकत्र असलेले दिवस, जास्त धोक्याचे. मन खचलेलंच असतं, पण अंगात बळ आलेलं असतं. ‘आता हिंडायला लागला’ म्हणून पहारा सैल करू नका.

## टप्पा ८: लग्न आणि बाळंतपण

‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा सल्ला कुणाच्याही तोंडून आला तरी मोडीत काढा. आजार लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट होते ती अशी: गोळ्या लपवाव्या लागतात, म्हणून चुकतात.

मूल हवं असेल तर गर्भ राहण्याच्या काही महिने आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कुठली बदलायची, कुठली ठेवायची, याचा हिशेब डॉक्टर मांडतात. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे झटका येण्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे दिवस. ती तेव्हा माहेरी असते, आणि माहेरच्यांना बहुधा काही सांगितलेलंच नसतं. त्यांना टप्पा सहाची यादी द्या. रात्रीचं बाळ आजीने किंवा बहिणीने घ्यायचं, म्हणजे बाळंतिणीला सलग झोप मिळेल. लिथियम चालू असेल तर शेक-शेगडीच्या घामात पाणी कमी देण्याची पद्धत चालणार नाही, आणि अंगावर पाजायचं की नाही हे आधीच विचारून ठेवा. मानसोपचाराचा केसपेपर बाळंतपणाच्या फायलीत पहिल्या पानावर लावा, आणि गोळ्यांची यादी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात सातव्या महिन्यातच द्या.